झालरीच्या अंगावरचे ठिपके

सिस्टरना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचे हात अजून ड्युटीवरच होते. घरी आलेल्या माणसाला त्या आधी बेसिन दाखवायच्या आणि मग खुर्ची. चौतीस वर्षं मोठ्या दवाखान्यात काढलेली बाई. हात न धुता पेशंटला बोट लावायची तिथे कुणाची टाप नव्हती. एका नावाजलेल्या सर्जनला त्यांनी ऐन घाईत दारातूनच नळाकडे परत पाठवलं होतं, असं त्यांचे यजमान सांगत. सर्जन एकच होता की तीन, हे मात्र नक्की नाही. यजमान जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, त्यामुळे गोष्टीतही दोन-तीन माणसं जास्तीची कोंबायची त्यांना सवय होती.

निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने कंडक्टरसाहेबांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. दिवसातून तीनदा रक्तदाब, दोनदा नाडी, आणि जेवायला बसण्याआधी जीभ बाहेर काढून दाखवायची. शेवटी एके दिवशी ते काचेची टाकी आणि सहा मासे घेऊन घरी आले. माशांची हौस वगैरे काही नव्हती, स्वतःची सुटका करून घ्यायची होती. "यांचं काय तपासायचं ते तपास," ते म्हणाले, "मला इथेच उतरव."

सिस्टरनी मनावर घेतलं. आणलेल्या सहातले चार मासे पहिल्या दोन महिन्यांत गेले. प्रत्येक वेळी त्या चिडल्या, पुस्तकं धुंडाळली, पाण्याचा वास घेतला, वाळू उपसली, आणि उरलेले दोन असे वाढवले की शेजारीपाजारी बघायला येऊ लागले. दोन वर्षांत त्या इमारतीच्या मासे-डॉक्टर झाल्या. दर गुरुवारी त्यांचा राउंड असे. एका हातात बादली, बादलीत रबरी नळी आणि तळहाताएवढी जाळी, दुसऱ्या हातात रजिस्टर. आधी पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली टाकी, मग तळमजल्यावर मास्टरांची. वेळ, पाणी किती अंश, काय पाहिलं, काय केलं, सगळं निळ्या शाईत उतरायचं.

मास्टर म्हणजे शिंपी. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक भिंत. त्या भिंतीला पूर्वी कपडे पलीकडे देण्यासाठी मोठी खिडकी होती. आता त्या खिडकीत टाकी बसवलेली होती, त्यामुळे दुकानातूनही दिसे आणि मागच्या खोलीत पलंगावर पडलेल्या मास्टरांच्या आईलाही. टाकीत मासा एकच. नारिंगी रंगाचा, आठ वर्षांचा, चांगला मुठीएवढा, आणि शेपूट अशी की मुलींच्या फ्रॉकला लावावी. त्याला आईंनीच नाव दिलं होतं, झालर. चाळीस वर्षं त्या दुकानात बसून त्यांनी झालरीच केल्या होत्या. चुणी इतकी सारखी पडायची की गिऱ्हाईक मास्टरांना म्हणे, शिवण तुमची चालेल, पण झालर आईंचीच हवी.

दीड वर्षापूर्वी आईंची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, 'हो' एवढा एक शब्द राहिला. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो, राग आला की तोच जोरात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला, तो आईंनी डाव्या हाताने दुकानात भिरकावला. चिमटे दिले, ते उशीखाली गेले. सिस्टरच्या एक लक्षात आलं. आई कुणाकडेच बघत नसत, पण मासा फिरला की त्यांची मान फिरे. टाकी खिडकीत हलवली ती तेव्हाच. मग सिस्टरनी खाण्याची डबी आईंच्या उजव्या हातापाशी धरली आणि म्हणाल्या, "आई, ती उपाशी आहे. मी देणार नाही, मास्टर देणार नाहीत. बघा काय करायचं ते."

पहिले काही आठवडे निम्मी डबी चादरीवर सांडली. चौथ्या महिन्यात अंगठा आणि दोन बोटं एकमेकांना भेटली. आता आई रोज सकाळी पलंगाची पाठ वर करून घेत, चिमूट भरत, आणि ती थरथरती चिमूट टाकीपर्यंत नेऊन सोडत. त्या एवढ्या कामासाठी त्या केस विंचरून घ्यायच्या. झालर गेली तर हा हातही परत चादरीवर पडून राहील, हे मास्टरांना कळत होतं आणि सिस्टरनाही. बोलून मात्र कुणीच दाखवत नव्हतं.

एका मंगळवारी मास्टरांना झालरीच्या शेपटीवर पांढरे ठिपके दिसले. कापडावर खुणा करायच्या खडूची भुकटी दुकानभर उडत असते. तीच पडली असणार, असं मास्टरांनी धरलं. त्यांनी टाकीवर झाकण घातलं, बेतायचं टेबल दुसऱ्या भिंतीला सरकवलं आणि कामाला लागले. बुधवारी ठिपके वाढले. मास्टरांनी दुकान झाडून पुसून लख्ख केलं. गुरुवारी दातांचा दवाखाना बंद होता, म्हणून सिस्टर थेट मास्टरांकडे आल्या, काचेला नाक लावून एक मिनिट उभ्या राहिल्या आणि बादली खाली ठेवली.

"हा खडू नाही, मास्टर. जंतू आहेत. हिच्या कातडीखाली शिरून बसलेत."

झालर कोपऱ्यात कलली होती. कल्ले भराभर हलत होते, मध्येच ती वाळूला अंग घासायची. अंगावर कुणी मीठ भुरभुरवावं तसे ठिपके, शेपटीपासून थेट डोळ्यापर्यंत.

"मी दोन दिवस झाडू मारत बसलो," मास्टर म्हणाले. "माझ्याच खडूने झालं ना हे?"

"खडूने असं होत नाही."

"तुम्ही चांगुलपणाने म्हणता."

सिस्टर सरळ कामाला लागल्या. ठिपका अंगावर आहे तोवर त्याला कुठलाच उपाय शिवत नाही, त्यांनी समजावलं. तो पिकतो, गळून वाळूत पडतो, तिथे एकाचे शेकडो होतात, आणि ते शेकडो मासा शोधत पोहत निघतात. ते पोहत असतात तेवढ्यातच त्यांना गाठायचं. म्हणून पाणी रोज दोन-दोन अंशांनी कोमट करत तिसापर्यंत न्यायचं, म्हणजे त्यांचं सगळं लवकर उरकतं. कोमट पाण्यात हवा कमी पडते, म्हणून हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवायचा. रोज नळीने तळ ओढून चौथा हिस्सा पाणी बदलायचं. आणि मीठ. साधं जाडं मीठ, दहा लिटरला दोन चमचे, तेही तीन दिवसांत वाटून, मगातल्या पाण्यात विरघळवून.

"आणि खाणं बंद. चार दिवस तिला पचायचं नाही."

हे ऐकून पलंगावरून जोरात "हो" आला. नकारच होता तो. आईंचा हात डबीवर होता.

 मग त्यांनी बशीत चार चमचे मीठ मोजून घेतलं, बशी आईंच्या उजव्या हाताशी ठेवली आणि शेजारी पाण्याचा स्टीलचा मग. "औषध तुम्ही घालायचं, आई. चिमटीचिमटीने. घाई नाही."

मिठाचा खडा खाण्याच्या दाण्याहून निसरडा. चार चमचे संपायला पाऊण तास लागला. आईंच्या कपाळावर घाम आला होता, पण बशीत खडा उरला नाही. मास्टर मशीनवर बसून हे बघत होते आणि त्यांच्या हातातली बाही दोनदा उलटी लागली.

शनिवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांकडून निरोप आला. त्यांच्या टाकीतले दोन मासे गेले होते, उरलेल्यांवर पांढरे ठिपके होते. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या मदतनीस बाईंनी हौसेने चार नवे मासे आणून थेट टाकीत सोडले होते, वेगळे ठेवले नव्हते. सिस्टर दवाखान्यात जाऊन त्यांच्यावर ओरडून आल्या, घरी बसल्या आणि रजिस्टर उघडलं. कुठून सुरुवात झाली ते बघायचं होतं.

परवाच्या आधीचा गुरुवार. दहा वाजता, दातांचे डॉक्टर: एक मासा मेलेला, जाळीने काढला. साडेदहा, मास्टर: कुजलेली पानं जाळीने काढली. दोन्ही नोंदी त्यांच्याच सुवाच्य अक्षरात, एकीखाली एक. जाळीही एकच. मधल्या अर्ध्या तासात ती ओलीच्या ओली बादलीत पडून होती.

सिस्टरनी चष्मा काढला. एकोणीस वर्षांच्या असताना, शिकाऊ, त्यांनी एका खाटेवरचा थर्मामीटर न पुसता दुसऱ्या खाटेवर लावला होता. हेडसिस्टरनी त्यांना वॉर्डाच्या मधोमध उभं करून ते स्वतःच्या तोंडाने सांगायला लावलं होतं. त्या दिवसापासून त्यांचा नियम होता आणि हाताखालच्या दोनशे मुलींना त्यांनी तोच शिकवला: चूक झाली तर आपल्या तोंडाने सांगायची, दुसऱ्याला सापडायची वाट बघायची नाही.

"अहो," त्या यजमानांना म्हणाल्या, "झालरीला मी आजारी पाडलंय."

कंडक्टरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "दिव्याखाली अंधार," ते म्हणाले, आणि सिस्टरचा चेहरा बघून थट्टा आवरली. "मास्टरला कळायचं काही कारण नाही पण. तो तर खडूला धरून बसलाय."

"तेच तर," सिस्टर म्हणाल्या.

तरी त्यांनी तीन दिवस सांगितलं नाही. आधी मासा वाचू दे, असं स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. दवाखाना सुटल्यावर आपल्या हातांची कुणाला गरज उरली नाही, या विचाराने त्या पहिल्या वर्षी फार रडल्या होत्या. त्या खिडकीतल्या टाकीने त्यांचे हात त्यांना परत दिले होते. ते पुन्हा जातील याची त्यांना भीती वाटत होती. रोज त्या खाली जायच्या, नळीने तळ ओढायच्या, काढलं तेवढ्या पाण्यापुरतं मीठ बशीत मोजायच्या. आता त्यांची मास्टरांसाठीची जाळी वेगळी होती, कोरी. मास्टरांनी ती पाहिली, पण विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी झालरीच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. पाणी तीस अंश, कल्ले शांत, शेपूट पसरलेली. मास्टरांनी कोपऱ्यातून घडी केलेला एप्रन आणला. जाड निळ्या कापडाचा, पुढे तीन खिसे: एक नळीचा, एक जाळीचा, एक पेनाचा. "माझ्या खडूपायी तुम्हाला इतका त्रास," ते म्हणाले. "मी आता बेतणं मागच्या अंगणात करणार. आईची शपथ घेतलीय."

सिस्टरनी एप्रन हातात घेतला नाही.

"मास्टर, खडूचा काही संबंध नव्हता. दातांच्या डॉक्टरांकडचा मेलेला मासा मी ज्या जाळीने काढला, तीच ओली जाळी तुमच्या टाकीत घातली. हे जंतू मी आणले. शनिवारपासून मला माहीत आहे."

मास्टर बराच वेळ एप्रनची घडी नीट करत राहिले. मुळात ती नीटच होती.

"आठ दिवस मी आईच्या तोंडाकडे बघितलं नाही," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं माझ्या हाताने झालं. आणि तुम्ही रोज इथे येत होतात."

"हो."

"उद्यापासून नका येऊ. ठिपके गेलेत. बघतो माझं मी."

सिस्टर वर आल्या, हात धुतले, पुन्हा धुतले. बोलून मोकळं वाटेल असं त्यांना वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. त्यात एक गोष्ट डोक्यातून जाईना. ठिपके गेले म्हणजे दुखणं गेलं नव्हतं. ते गळून वाळूत पडले होते. आता कुठे खरं औषध लागू पडायची वेळ आली होती. आता पाणी थंड झालं तर चार-पाच दिवसांत ते दुप्पट होऊन वर येतील आणि या खेपेला झालर टिकणार नाही.

बुधवारी त्यांनी कंडक्टरसाहेबांना एक चांगली पँट देऊन खाली पाठवलं. "उंची कमी करायला सांगा. आणि टाकी बघून या."

"अगं, ही मला बरोबर होते."

"कमी करायला सांगा."

अर्ध्या तासाने अहवाल आला. हीटर बंद. पाणी सव्वीस. मासा ठणठणीत, गोल फिरतोय. आई भिंतीकडे तोंड करून. "आणि मास्टरने दोन इंच कमी करायचं ठरवलंय. मी आता पाण्यातूनच चालत जाणार असं दिसतंय."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी चपला घातल्या आणि खाली गेल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. सिस्टर बाकावर बसल्या नाहीत, काउंटरपाशी उभ्या राहिल्या.

"मास्टर, मी माफी मागायला आले नाही. चूक माझी, ती मी सांगितली. राग तुमचा खरा आहे, तो वर्षभर ठेवा. पण हीटर लावा."

मास्टरांनी मशीन थांबवलं नाही. "ठिपके नाहीत आता."

"कच्ची टीप घातलेला सदरा तुम्ही गिऱ्हाइकाला देता का? दिसायला शिवलेलाच दिसतो तो. पहिल्या धुण्यात उसवतो. शेवटचा ठिपका गेल्यावर अजून दहा दिवस. मी नको असेन तर लिहून देते, तुम्ही करा. पण कोर्स अर्धा सोडू नका."

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. मास्टर खाली मान घालून चालवत राहिले. मशीनचा आवाज दुकानभर. आणि त्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळला, टण, जरा थांबून पुन्हा टण. मास्टरांनी पाय उचलला. मशीन थांबलं, तो आवाज थांबला नाही.

मागच्या खोलीत आई उठून टेकून बसल्या होत्या. रिकामा स्टीलचा मग त्यांनी कडीत बोटं घालून धरला होता आणि तो पलंगाच्या दांडीवर आपटत होत्या. मग जड होता, हात थरथरत होता, दर ठोक्यानंतर खाली येत होता आणि परत वर जात होता. तो उजवा हात होता. मास्टर दारात उभे राहिले. त्या हातात मग धरलेला त्यांनी दीड वर्षात पाहिला नव्हता. चिमटीपलीकडे त्या हाताला काही जमेल असं त्यांनी धरलंच नव्हतं.

"आई, मीठ हवंय का?" त्यांनी विचारलं.

"हो."

मास्टरांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, गिऱ्हाइकांसमोरच. मग हात लांब करून हीटरचं बटण दाबलं. "किती चमचे ते तुम्हीच मोजा, सिस्टर," ते म्हणाले. "मला खडू आणि मीठ दोन्हीतलं काही कळत नाही." राग पुरता गेला नव्हता. तो नंतरही चार-सहा दिवस होता, आणि सिस्टरनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. त्या रोज आपल्या वेळेला येत, तळ ओढत, नोंद करत आणि जात.

शुक्रवारी झालरीच्या शेपटीवर तीन ठिपके उठले. तीनच. पाणी पुन्हा अठ्ठावीसवर आलं होतं, मीठ होतं, आणि जे पोहत निघाले होते त्यातले बहुतेक वाटेतच संपले होते. रविवारी तेही गेले. सिस्टरनी रजिस्टरात तारीख लिहिली आणि तिथून दहा ओळी मोकळ्या सोडल्या. रोज एक भरायची. दहावी ओळ भरली त्या दिवशी त्यांनी तिच्याखाली दोन रेघा ओढल्या, दवाखान्यात पेशंट घरी जाताना ओढत तशा. वरच्या टाकीचंही निम्मं निभावलं होतं. दातांच्या डॉक्टरांनाही त्यांनी हात धुवायला लावलं होतं, म्हणे मदतनीस बाईंसमोर.

त्या दिवशी मास्टरांनी एप्रन पुन्हा पुढे केला. सिस्टरनी घेतला. जाळीचा खिसा उसवून काढलेला होता. त्याऐवजी सोबत लांबट कापडी पिशव्या होत्या, जाळीच्या मापाच्या. हिरवी दातांच्या डॉक्टरांची, करडी सिस्टरच्या घरची, मशीनवर सरळ रेषेत शिवलेल्या. "एका घरची जाळी दुसऱ्या घरात जायला नको," मास्टर म्हणाले.

तिसरी पिशवी नारिंगी होती. तिला मशीन लागलं नव्हतं. हाताचा धावदोरा होता, एक टाका नखाएवढा, दुसरा बोटभर, मध्येच रेघ सोडून खाली घसरलेला, परत चढलेला. तोंडाशी दोन बोटं रुंद पट्टी होती आणि तिला तीन चुण्या पडल्या होत्या. सारख्या नव्हत्या. सिस्टरनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. 

"ही तुम्ही शिवलीत, आई?"

"हो," आई म्हणाल्या. त्या एका शब्दाने त्यांनी दीड वर्ष सगळं भागवलं होतं, पण आज त्यांना तोच म्हणायचा होता.

मग त्यांनी उजवा हात पुढे केला. सिस्टरनी बशीऐवजी खाण्याची डबी त्यांच्यापुढे धरली. काचेपलीकडे झालर वर येऊन वाट बघत होती.